खोड्यांची गाडी : दोषपेटीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

सराव गाडीला दोषपेटी बसवायचं काम आज सुरू झालं. पेटी म्हणजे डॅशबोर्डखाली बसणारा, कुलूप लागणारा एक डबा. त्यावर स्विच, आणि प्रत्येक स्विच गाडीत एक ठरावीक दोष लावतो किंवा काढतो. गाडी जुनी आहे: चार सिलिंडर, पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शन, हवेचं माप एमएपी सेन्सरवरून (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), अॅक्सिलरेटरला केबल. ती रस्त्यावर जाणार नाही, आवारातच फिरेल.

हे करण्यामागचं कारण इथेच लिहून ठेवतो. वर्कशॉपमध्ये खोड्या होणारच. नवा हेल्पर आला की त्याची फिरकी घ्यायची हौस प्रत्येकाला असते, आणि दिवसभर गाडीखाली पाठ टेकून काम करणाऱ्याला थोडं हसायला मिळालं तर त्यात वाईट काही नाही. आक्षेप एकाच जातीच्या खोडीला आहे: जी खऱ्या दोषाची किंवा खऱ्या धोक्याची नक्कल करते. दोष शोधणारा माणूस असं धरून चालतो की गाडीत जे बिघडलंय ते उष्णता, कंपन, पाणी, झीज किंवा आधीच्या दुरुस्तीमुळे बिघडलंय. त्यात कुणी गमतीने सैल केलेला कपलर (वायरींचा जोड) मिसळला की मीटरवरच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. शिवाय ती गाडी ग्राहकाची असते.

म्हणून खोडी करायची ती याच गाडीवर, कागदावर लिहून, आणि एका स्विचने जागच्या जागी परत येईल अशी.

५ ऑगस्ट

दोष लावायच्या आधी गाडी निरोगी असताना काय दाखवते ते मोजून घेतलं. हे आकडे नसतील तर पुढे लावलेला दोष कोणता आणि गाडीचा स्वतःचा कोणता, हे कळणार नाही.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६२ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग, मग बाकीच्या चाचण्या. गाडी नुकती बंद केली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावायचे, बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. सेल्फ मारताना १०.६, इंजिन चालू असताना १४.२.

कॉम्प्रेशन १२.४, १२.१, १२.३ आणि ११.९ बार. चारही प्लग काढलेले, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि ठिणगीच्या कॉइलचे कपलर सोडवलेले, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेलं कॉम्प्रेशन नेहमी कमी भरतं, आणि त्यावरून निष्कारण हेड उघडलं जातं.

गरम इंजिनवर आयडलिंग ७८० आरपीएम, कूलंट ९० अंश, एमएपी ३२ किलोपास्कल, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक पेट्रोलच्या मापात करत असलेली दुरुस्ती) अधिक २ टक्के. साठवलेला दोषाचा कोड एकही नाही.

७ ऑगस्ट

खोड्यांचे नियम ठरवायला आजचा दिवस गेला. भिंतीवर लावायच्या कागदावर फक्त नियम येतील. कारणं इथे.

दाबाची हवा अंगावर मारणे: पूर्ण बंद. कपड्यांवरची धूळ उडवायलासुद्धा नाही. एअर गनची हवा कातडीच्या जखमेतून आत शिरू शकते, डोळा आणि कान फाडू शकते, शरीराच्या पोकळीत गेली तर आतडं फाटून जीव जाऊ शकतो. ही गंमत म्हणून करणाऱ्याला त्या दिवशी काम नाही.

चार्ज केलेला कंडेन्सर बाकावर ठेवून देणे: बंद. पॉइंटच्या इग्निशनच्या जमान्यापासून चालत आलेली ही खोडी आहे. झटक्याने मरण्यापेक्षा झटक्याने हात मागे जाऊन फिरत्या पंख्यावर किंवा गरम मॅनिफोल्डवर आपटण्याचा धोका मोठा, आणि समोरच्याचं हृदय कसं आहे हे खोडी करणाऱ्याला माहीत नसतं.

गाडी लिफ्टवर असताना, कुणी गाडीखाली असताना, किंवा ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगचं काम चालू असताना आवाज करून दचकवणे, हॉर्न वाजवणे, दिवे घालवणे: बंद.

हे सगळ्यांना पटतं. पुढच्या दोन खोड्यांवर मात्र वाद झाला, कारण त्या निरुपद्रवी दिसतात.

पहिली, जास्तीचा नट. एखाद्याने गिअरबॉक्स चढवून संपवला की त्याच्या ट्रेमध्ये हळूच एक बोल्ट किंवा वॉशर टाकून ठेवायचा. तो बिचारा परत सगळं तपासत बसतो. यात तास-दीड तास जातो, तो भरून काढता येईल. खरं नुकसान तिसऱ्या-चौथ्या वेळेला होतं. तोवर त्याची खात्री झालेली असते की ट्रेमध्ये उरलेला बोल्ट म्हणजे कुणाची तरी मस्करी. मग ज्या दिवशी माउंटिंगचा बोल्ट खरंच उरतो, त्या दिवशी तो बोल्ट उचलून डब्यात टाकला जातो आणि गाडी बाहेर जाते. उरलेला बोल्ट ही धोक्याची खूण आहे, आणि ती खूण खोटी पाडली की तिच्याकडे कुणी बघत नाही.

दुसरी, नसलेली वस्तू आणायला पाठवणे. डावखुरा पाना, इंडिकेटरचं ऑइल, प्लगमधल्या ठिणग्यांचा डबा. यातली इंडिकेटरच्या ऑइलसारखी सरळसरळ अशक्य वस्तू चालेल, हेल्पर एक चक्कर मारून येतो आणि सगळे हसतात. पण खऱ्या वस्तूच्या जवळ जाणारी वस्तू सांगायची नाही. उलट्या आट्यांचा नट म्हटल्यावर हेल्पर हसला पाहिजे असं आपण शिकवलं, तर अॅसिटिलीन रेग्युलेटरचा नट खरोखर उलट्या आट्यांचा असतो हे त्याला पटणार नाही. तो नट सुलट समजून जोर लावेल आणि पितळी आटे खराब करेल. अॅसिटिलीनच्या नटाच्या कडांवर खाचा असतात, त्या उलट्या आट्यांची खूण. ग्राइंडरच्या काही नटांना आणि काही जुन्या गाड्यांच्या एका बाजूच्या चाकांच्या नटांनाही उलटे आटे असतात. हे आधी दाखवायचं, फिरकी नंतर.

दहाचा सॉकेट लपवणे हेही बंद. संध्याकाळी ट्रॉलीतली हत्यारं मोजून जागेवर लावतो ती एवढ्यासाठी की एखादं बोनेटखाली राहिलं नाही याची खात्री व्हावी. लपवलेल्या सॉकेटने ती मोजणी निरर्थक होते. हँडलला ग्रीस किंवा निळी मार्किंग पेस्ट लावणे ट्रॉलीपुरतं चालेल, गाडीच्या पाच फुटांत नाही. ती पेस्ट हातावरून सीटवर आणि ब्रेकच्या डिस्कवर जाते.

९ ऑगस्ट

पेटीत घ्यायचे दोष: कूलंट तापमान सेन्सर चुकीचा, क्रँक सेन्सर (इंजिनचे फेरे सांगणारा) तुटलेला, एका सिलिंडरचा इंजेक्टर बंद, उभ्या गाडीत बॅटरी उतरणे. पेटीबाहेर हाताने लावायचे: कमजोर अर्थिंग, व्हॅक्यूमची गळती, चालताना टकटक.

घ्यायचे नाहीत: ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅगची पिवळी वायरिंग, पेट्रोलची गळती, कॉइलकडे जाणारी कुठलीही वायर.

११ ऑगस्ट

कूलंट सेन्सर. हा सगळ्यांत शिकवणारा दोष, कारण बहुतेक वेळा स्कॅनर गप्प बसतो.

सेन्सर गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो. या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम, १०० अंशांना सुमारे १९० ओहम. सिग्नलच्या वायरमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला की ८० अंशांच्या इंजिनवर एकूण रोध २.५ किलोओहम होतो. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, वाटतं इंजिन २० अंशांवर आहे. पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो, करंट एक-दोन मिलिअँपिअरचाच असतो.

परिणाम: गरम इंजिनला थंड इंजिनाएवढं पेट्रोल, आयडलिंग हजाराच्या वर, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काळी काजळी. वायर पूर्ण तोडली असती तर पी०११८ हा सर्किटचा कोड आला असता आणि हेल्पर थेट सेन्सरपाशी गेला असता. रेझिस्टरने आकडा शक्यतेच्या हद्दीत राहतो, म्हणून सर्किटचा कोड येत नाही. गाडी चालू असताना स्विच टाकला तर मात्र तापमानाची एकदम झालेली उडी ईसीएम पकडू शकतं, त्यामुळे स्विच चावी बंद असतानाच टाकायचा.

यात एक खरा धोका आहे. या गाडीचा रेडिएटर फॅन ईसीएम त्याच सेन्सरवरून चालवतं. इंजिन २० अंशांवर आहे असं समजल्यावर फॅन लागणारच नाही आणि इंजिन उकळेल. म्हणून फॅनच्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) वेगळा हाताचा स्विच दिला, आणि पेटीचा हा स्विच टाकला की फॅन आपोआप चालू होईल अशी जोडणी केली. ही जोडणी नसेल तर हा दोष लावायचाच नाही.

पकडायच्या दोन पद्धती. गरम इंजिनवर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायचं आणि स्कॅनरशी ताडून बघायचं. चकचकीत अॅल्युमिनिअमवर हा थर्मामीटर खूप कमी दाखवतो, त्यासाठी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते कारण तिला काही लागत नाही: रात्रभर उभ्या गाडीची चावी सकाळी फक्त ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, आणि कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचायचं. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. हा रेझिस्टर असताना हवा २० दाखवते आणि कूलंट ५ च्या आसपास. गाडीने रात्रीत स्वतःला गार केलं असं होत नाही, म्हणजे एक सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे.

१४ ऑगस्ट

क्रँक सेन्सर. दोन वायरी, आत तारेची कॉइल, रोध ८५० ओहम. सिग्नलची एक वायर तोडून पेटीपर्यंत नेली, स्विचमधून परत आणली. जाऊन-येऊन तीन मीटरची वाढ.

दोष लावला की जे व्हायला हवं ते होतं: सेल्फ जोरात फिरतो, गाडी सुरू होत नाही, स्कॅनरवर सेल्फ मारतानाही आरपीएम शून्य. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद वाजतो आणि थांबतो, ठिणगी नाही, इंजेक्टरला पल्स नाही.

अडचण स्विच काढल्यावर आली. दोष बंद, सेन्सर जोडलेला, तरी ३००० आरपीएमच्या पुढे इंजिन झटके देऊन मिसिंग करू लागलं. टेकोमीटरचा काटा मधेच वर उडतो आणि परत खाली येतो. प्लग, कॉइल, पेट्रोलचा दाब ठीक. आरपीएमचा आलेख काढला तर ३१०० वरून एका क्षणात ४४०० आणि पुन्हा ३१००. इंजिन असं वेग बदलू शकत नाही, फ्लायव्हीलचं वजन ते करू देणार नाही. म्हणजे सिग्नल घाण आहे.

कारण वायर कुठून नेली त्यात आहे. पेटीकडे जाणारी वायर कॉइलच्या वायरीसोबत एकाच टेपमध्ये गुंडाळली गेली होती. दर ठिणगीला कॉइलची वायर शेजारच्या वायरीत एक टोचा सोडते, आणि ईसीएम त्याला क्रँकच्या दात्यांपैकी एक समजतं. मूळ वायरिंगमध्ये सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पीळ घालून जाळीत का असतात, ते इथे स्वच्छ दिसतं. ग्राहकाच्या गाडीत कुणी क्रँक सेन्सरची वायर साध्या वायरीने लांबवलेली दिसली आणि तक्रार वरच्या वेगात मिसिंगची असेल, तर आधी हीच जागा बघावी.

१६ ऑगस्ट

सिग्नल पेटीपर्यंत न्यायचाच नाही असं ठरवलं. सेन्सरच्या कपलरजवळ एक छोटा रिले, त्याचा नेहमी जोडलेला संपर्क सिग्नलच्या वायरीत. पेटीकडून फक्त रिलेच्या कॉइलची वायर येते. स्विच टाकला की रिले खेचतो आणि सिग्नल तुटतो. पेटीची वायर कुठे तुटली, फ्यूज उडाला, तरी गाडी निरोगीच राहते. बाकीचे दोषही याच पद्धतीने बदलले.

रिले निवडताना नेहमीचा ४० अँपिअरचा चालत नाही. त्याच्या चांदीच्या संपर्कांवर बारीक काळा थर येतो, आणि तो जाळून साफ करायला बऱ्यापैकी करंट जावा लागतो. सेन्सरच्या मिलिअँपिअरमध्ये ते होत नाही, मग काही आठवड्यांनी दोष न लावताच दोष लागलेला दिसतो. सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचा सिग्नल रिले घ्यायचा. जाळीच्या केबलची अर्थिंग एकाच टोकाला. जोड कथिलाचा डाग देऊन, त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर पट्टीने बांधून घेतली, नाहीतर डाग संपतो तिथेच कंपनाने वायर तुटते.

४५०० आरपीएमपर्यंत रेस दिली. काटा स्थिर.

१८ ऑगस्ट

तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर. रोध १४ ओहम, त्याच्या वायरीत रिले. मिसिंग दाखवायला ठिणगी बंद करायची नाही, इंजेक्टरच बंद करायचा. ठिणगी बंद केली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. इंजेक्टर बंद ठेवूनही इंजिन दोन मिनिटांच्या वर चालवायचं नाही, कारण त्या सिलिंडरची कोरी हवा बघून ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमी आहे असं सांगतो आणि ईसीएम उरलेल्या तिघांना जास्त पाजतं.

२१ ऑगस्ट

कमजोर अर्थिंग. सेल्फ आणि बॅटऱ्या बऱ्याचदा याच दोषामुळे विनाकारण बदलल्या जातात, म्हणून यावर वेळ घातला.

इंजिन आणि बॉडीमधली पट्टी काढून दोष लावायचा विचार होता. ते सोडून दिलं. इंजिनची पट्टी नसली की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल. बारीक पोलादी केबलमधून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि अॅक्सिलरेटर अडकतो. ग्राहकाच्या गाडीत अॅक्सिलरेटरची केबल पुन्हा पुन्हा जाम होत असेल तर केबल बदलण्याआधी इंजिनची अर्थिंग तपासावी ती याचसाठी.

दोष बॅटरीच्या मायनसला लावला. मायनसच्या खांबाला एक वेगळा क्लॅम्प, त्यातून ६ चौरस मिलिमीटरची तीन मीटर तांब्याची वायर, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गाडीच्या मूळ दोन्ही अर्थिंग केबल. आता सगळा परतीचा करंट या एका वायरीतूनच जातो, चोरवाट उरत नाही.

हिशोब: ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे २.९ मिलिओहम, तीन मीटरला सुमारे ९. सेल्फ १५० अँपिअर घेतो तेव्हा या वायरीत १.३ व्होल्ट हरवतात आणि सुमारे २०० वॉट उष्णता होते. दहा सेकंद सेल्फ मारला तर तांबं तीसेक अंशांनी तापतं. मर्यादा पाच सेकंद, दोन वेळांमध्ये एक मिनिट विश्रांती. वायर गुंडाळी करून नाही, पसरून ठेवायची.

लक्षण हुबेहूब मरत्या बॅटरीचं: सेल्फ ओढत फिरतो, दिवे मंदावतात. रोध मोजून हा दोष सापडत नाही. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो, त्यात ९ मिलिओहम दिसत नाहीत. करंट वाहत असतानाच व्होल्टेज मोजावं लागतं. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाच्या शिशावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. निरोगी असताना या गाडीवर ०.१४ आले. दोष लावल्यावर १.४. अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या वर काही दिसलं की टोक एकेक जोड पुढे सरकवत जायचं: खांबावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून वायरीच्या थिंबलवर (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर), तिथून बॉडीच्या बोल्टवर. जिथे आकडा एकदम घसरतो, तो जोड खराब.

टोक क्लॅम्पवर नाही, खांबावर ठेवायचं यावर भर द्यावा. खांब आणि क्लॅम्पच्या मधला पांढरा-हिरवा थर हाच बऱ्याचदा गुन्हेगार असतो, आणि टोक क्लॅम्पवर ठेवलं तर तो मापातूनच वगळला जातो.

२२ ऑगस्ट

व्हॅक्यूम गळती. इनटेक मॅनिफोल्डच्या एका नळीत टी-जोड, त्याला छोटा पितळी नळ, तोंडाला ३ मिलिमीटरचं भोक. ब्रेक बूस्टरच्या नळीला हात लावलेला नाही.

गळती म्हणजे पेट्रोल कमी आणि ट्रिम वर, असं पाठ केलेलं असतं. ते हवेचं वस्तुमान मोजणाऱ्या गाडीत खरं आहे: तिथे गळतीची हवा सेन्सरला चुकवून आत येते, आयडलिंगला ट्रिम वाढते आणि २५०० आरपीएमला बरीच खाली येते. ही गाडी एमएपीवर चालते. हवा कुठूनही आली तरी मॅनिफोल्डमधला दाब वाढलेला सेन्सरला दिसतो आणि तेवढं पेट्रोल मिळतं. नळ उघडल्यावर ट्रिम अधिक २ वरून जेमतेम अधिक ४ झाली, आयडलिंग मात्र ११५० झालं आणि आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला दिसला. गाडी हवा कशी मोजते हे बघितल्याशिवाय ट्रिमचा अर्थ लावायचा नाही.

२५ ऑगस्ट

उभ्या गाडीत बॅटरी उतरणे. डॅशबोर्डमागे एक साधा रिले कायम खेचलेला राहील असा जोडला. कॉइल ८० ओहम, करंट सुमारे १५५ मिलिअँपिअर. दिवसाला पावणेचार अँपिअर-तास, म्हणजे ४५ च्या बॅटरीची निम्मी ताकद सहा दिवसांत संपते. गाडीचा स्वतःचा विश्रांतीचा करंट २२ मिलिअँपिअर भरला. ५० च्या आत असला तर सहसा काळजी नसते.

शोधताना फ्यूज उपटत जायचं नाही. फ्यूज काढून लावला की झोपलेली मॉड्यूल जागी होतात आणि आकडे पुन्हा वीस मिनिटं, काही गाड्यांत तासभर, वर राहतात. बोनेट आणि दाराची कुलपं स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवायची म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. काम झाल्यावर ती उघडायला विसरलं तर दार लावताना लॅच वाकतो. मग प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सुमारे ७.५ मिलिओहम, तेव्हा १५५ मिलिअँपिअरला जेमतेम १.२ मिलिव्होल्ट दिसतात. आकडा लहान असतो पण ज्या फ्यूजवर शून्य नाही तिथेच सर्किट आहे.

अँपिअरमीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडतो आणि पुढचा माणूस शून्य करंट वाचून गाडी ठीक आहे असं समजतो.

२८ ऑगस्ट

टकटक. ही मूळची जुनी खोडी आहे: ड्राइव्ह शाफ्टला प्लॅस्टिकची पट्टी आवळायची, शेपूट लांब ठेवायचं, गाडी चालली की ते कशाला तरी लागून टकटक वाजतं. ग्राहकाच्या गाडीवर हे केलं तर चांगला सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा वळणारा सांधा) बदलला जाऊ शकतो. इथे मात्र तो चांगला धडा आहे.

पट्टी शाफ्टच्या मध्यावर, रबरी बूटपासून चार बोटं लांब, शेपूट फक्त ब्रॅकेटला टेकेल एवढंच. ही गाडी एबीएसची असती तर सेन्सरच्या वायरीपासूनही दूर ठेवावी लागली असती.

आवाज ऐकून अंदाज बांधायचा नाही, मोजायचा. टायर १७५/६५ आर१४. व्यास ५८३ मिलिमीटर, घेर १.८३ मीटर. ताशी १५ किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वादोन वेळा फिरतं, म्हणजे दहा सेकंदांत २२-२३ टकटक. तेवढ्याच भरल्या तर आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे: टायर, डिस्क, शाफ्ट. पहिल्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन सेकंदाला तीसहून जास्त फेरे घेतं, ते कानाला मोजता येणार नाही. क्लच दाबून गाडी ढळू दिली आणि टकटक तशीच राहिली तर इंजिन सुटलं. पूर्ण वळणात वाढली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, वळणाने फरक नाही तर शाफ्टवर हात फिरवून बघा.

३० ऑगस्ट

दोषपत्राचा नमुना ठरला. लावणारा लिहितो: कोणता दोष, कुठे, किती वाजता, काढायचा कसा. लिफाफा बंद, कपाटात. शोधणाऱ्याला फक्त ग्राहकाच्या भाषेतली तक्रार मिळते: सकाळी ओढत सुरू होते, पेट्रोल जास्त खाते. वेळ ४५ मिनिटं. प्रत्येक मापाच्या पुढे त्याने ते का घेतलं हे लिहायचं. सुटा भाग मागवायचा असेल तर कोणत्या आकड्यावरून, ते सांगायचं. आकडा नसेल तर भाग नाही.

पहिली फेरी आज झाली, दोष अर्थिंगचा. हेल्परने एकदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "वस्ताद, बॅटरी गेली."

"कशावरून?"

"ओढत फिरतोय की."

"बॅटरीच्या दोन खांबांवर किती आहेत, सेल्फ मारताना?"

त्याने मोजले. ११.१. बॅटरी गेली असती तर इथे ९ च्या खाली दिसलं असतं. उलट निरोगी गाडीपेक्षाही जास्त, कारण वाटेतल्या रोधामुळे सेल्फला करंटच कमी मिळतो. मग तेच मीटर त्याने सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर लावलं: ९.५. मधले १.६ व्होल्ट कुठे गेले हे शोधायला त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

३ सप्टेंबर

बाकी कामं. पेटीवरच्या चिठ्ठ्या काढून फक्त आकडे ठेवायचे, अर्थ दोषपत्रात. फॅनच्या जोडणीची चाचणी दर आठवड्याला, इंजिन गरम असताना. अर्थिंगच्या वायरीचे थिंबल चाचणीनंतर हाताला कोमट लागले, ते दाबयंत्राने पुन्हा दाबून घ्यायचे. काम संपल्यावर सगळे स्विच बंद, पट्टी कापलेली, नळ मिटलेला आणि ५ ऑगस्टचे आकडे परत येतात का हे बघून सही. आकडे जुळले नाहीत तर सराव थांबवायचा आणि आधी ते शोधायचं.